शूटर्स हिलवरचा सुवर्णदुर्ग

"मावशी, हे आपलं सुवर्णदुर्ग का गं?" एवढंच लिहून भाच्याने फोटो पाठवला होता. विटांचा तिकोनी बुरूज, तिन्ही कोपऱ्यांना षट्कोनी मनोरे, भोवती ओलं गच्च रान आणि दारावर कोरीव पाटी. लंडनच्या आग्नेय टोकाला, ग्रिनिचच्या पलीकडे शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिथल्या झाडीत रविवारचा फिरताना त्याला हा बुरूज दिसला. नाव सेवर्नड्रूग कासल. पाटीवरचा मजकूर मी बोटांनी मोठा करून वाचला. कै. सर विल्यम जेम्स, बॅरोनेट (तिकडचा एक वंशपरंपरागत किताब), यांनी कंपनीच्या आरमाराचे प्रमुख असताना पूर्वेकडे जे पराक्रम केले त्यांची आठवण, आणि विशेषेकरून मलबार किनाऱ्यावरचा सेवर्नड्रूगचा किल्ला त्यांच्या शौर्याने २ एप्रिल १७५५ रोजी पडला त्याची नोंद, म्हणून १७८४ मध्ये ही इमारत उभारली. घरच्या ग्रुपवर तासभर धुमाळी चालली. एकीला भरून आलं, एकाने ब्रिटिशांना चार शिव्या हासडल्या, मामाने "आपलं कोकणातलं हर्णै मलबारात कधी गेलं रे?" असं खडसावलं, आणि मग कुणीतरी हॉलच्या बुकिंगचं काढलं तसा जेम्स मागे पडला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. पाटीवरच्या पराक्रमाचं मला काही नव्हतं. मला खुपत होता तो एप्रिल.

हर्णैचा एप्रिल मी अंगावर काढलेला आहे. आजोळी जायचे ते दिवस ते. सकाळी साडेनऊनंतर वाळूवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. विहिरीचं पाणी तळाशी जातं, माळावरचं गवत पिवळं होऊन हाताने मोडलं तरी त्याचा भुगा होतो, आणि दुपारनंतर जो खारा वारा सुटतो त्यात चूल पेटवायची तर आजी आधी परसातल्या पेंढ्याच्या उडवीकडे बघून घ्यायची. गोठ्याला कौलं नव्हती, गवती छप्परच होतं. "एक ठिणगी उडाली तर वाडी जाईल," हे तिचं एप्रिल-मे महिन्यातलं पालुपद. बंदरावर लिलाव चाले, बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज येई, बैलगाड्या पाण्यात चाकं बुडवून होड्यांतून मासळी उतरवून घेत. आणि समोर सदाच तो किल्ला. भरतीला जास्त दूर वाटणारा, ओहोटीला हात लांबवून धरावा असा. गोवा किल्ला, कनकदुर्ग, फत्तेगड हे तीन किनाऱ्यावर, आणि सुवर्णदुर्ग पाण्यात. आम्ही मुलं त्यांना किल्ले म्हणतच नसू. ते आपले तिथे असायचेच.

मग मी या जेम्सच्या मागे लागले.

माणूस वेल्सचा. पेम्ब्रोकशायरमधल्या मिलफर्ड हेवनच्या आसपास, १७२१ च्या सुमारास जन्मलेला. कुणी त्याला गिरणीवाल्याचा मुलगा करतं, कुणी नांगर धरणारा पोर. पुढे मोठा झालेल्या माणसाचं लहानपण गरीब असलं की लोकांना बरं वाटतं, तिकडेही आणि इकडेही. पक्कं एवढं की १७४७ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारात आला आणि चार वर्षांत, १७५१ मध्ये, त्या आरमाराचा कमोडोर झाला. हे इंग्लंडच्या राजाचं आरमार नव्हे. कंपनीचा माल सुखरूप पोचवायला, व्यापारी गलबतांच्या तांड्याला मागेपुढे राहून सोबत करायला ठेवलेली ही नोकरी. राजाच्या नौदलातले अधिकारी या लोकांना जरा खालचेच समजत. या कामात जेम्सने चार-पाच वर्षं हा किनारा वर-खाली केला. मुंबईतून निघायचं, चौल, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग डावीकडे ठेवत खाली जायचं, परत यायचं. कुठल्या खाडीतून आंग्र्यांची गलबतं बाहेर पडतील याचा अंदाज बांधत. इतके दिवस इतक्या जवळून जो हा किनारा बघत राहिला, त्याला तो आवडला नसेल असं मला वाटत नाही. शत्रू म्हणून का होईना, त्याने आमची खाडी न् खाडी ओळखली होती.

आंग्र्यांबद्दल इथे कुणाला काय सांगायचं. कान्होजी १७२९ मध्ये गेले आणि पुढे भाऊबंदकी सुरू झाली. कुलाबा मानाजीकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग तुळाजीकडे. तुळाजी पेशव्यांना जुमानेना. ना खंडणी, ना मान, उलट पेशव्यांच्याच मुलखात हात. नानासाहेब पेशव्यांनी मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला. दर्यावरून इंग्रजांनी, जमिनीवरून आपण. मुंबईच्या गव्हर्नराने जेम्सला हुकूम दिला तोही बघण्यासारखा आहे : मराठ्यांचं सैन्य किल्ल्यांना वेढा घालेल, तू फक्त बंदरं अडवून धर, कंपनीची जहाजं आंग्र्याच्या किल्ल्याखाली नेऊन धोक्यात घालू नकोस. व्यापाऱ्यांचा हुकूम आहे, त्यात काय चुकलं? वीस वर्षं त्यांच्या मनात बसलं होतं की हे किल्ले समुद्रातून पडत नाहीत.

२२ मार्चला जेम्स निघाला. स्वतः ४४ तोफांच्या 'प्रोटेक्टर'वर, बरोबर 'स्वॅलो' आणि उखळी तोफा बसवलेली 'व्हायपर' व 'ट्रायम्फ' ही दोन लहान जहाजं. वाटेत पेशव्यांचं आरमार येऊन मिळालं, ७ गुराबे, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आणि ६० गलबतं. सुवर्णदुर्गाला पोचल्यावर त्याने पाहिलं तर किनाऱ्यावरचं मराठी सैन्य कोस-दीड कोसावरून खंदक खणत निवांत पुढे सरकतंय आणि एका छोट्या तोफेने किल्ल्यावर मारा चाललाय. कंपनीच्या इतिहासकाराने हे थोडं कुत्सितपणे लिहून ठेवलंय. वाचताना मला राग येणार होता, पण खरं सांगायचं तर हसू आलं. आपल्याकडच्या कामांची चाल मला अगदीच अनोळखी नाही. जेम्सला ते बघवलं नाही. त्याने वरिष्ठांचा हुकूम गुंडाळून ठेवला आणि २ एप्रिलला स्वतःच किल्ल्यावर चालून गेला.

आधी पश्चिमेकडून. तिकडे भिंत म्हणजे मूळचा कातळच तासून उभा केलेला. कितीही गोळे घाला, खपलीही निघेना. मग त्याने जे केलं ते मला अजून विचारात पाडतं. तो जहाज घेऊन बेट आणि किनारा यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात शिरला. ज्या पाण्यात आम्ही लहानपणी होडीतून जाताना तांडेल वल्हं उभं घालून ठाव बघायचा, "आता खडप येतं, हात आत घ्या" म्हणायचा, त्याच पाण्यात ४४ तोफांचं लढाऊ जहाज. एका अंगाच्या तोफा सुवर्णदुर्गाच्या ईशान्य बुरुजांवर, दुसऱ्या अंगाच्या गोवा किल्ल्यावर. दोन्हीकडून मार खायची तयारी ठेवून. नांगर टाकला तो तटापासून शंभर यार्डांच्या आत. बुरूज इतके उंच की फक्त वरच्या रांगेतल्या तोफाच पोचत होत्या, पण डोलकाठ्यांवरच्या माच्यांतून त्याच्या लोकांनी बंदुकांचा असा वर्षाव केला की तटावरच्या गोलंदाजांना तोफांजवळ उभं राहता येईना. दुपारपर्यंत ईशान्य बुरुजाचा माथा ढासळला. आणि मग एक गोळा आत पडला तो गवताने शाकारलेल्या घरावर.

एप्रिल होता.

विझवायला बाहेर यावं तर माच्यांवरून गोळ्या. कुणी बाहेर आलं नाही. आजी ज्या ठिणगीला भ्यायची ती इथे पडली होती. एकामागून एक सगळी घरं पेटली आणि दारूचं कोठार उडालं. किल्ल्यातली बायकामुलं, शिबंदीतले बहुतेक लोक, जवळजवळ हजार माणसं सात-आठ मोठ्या होड्यांत बसून गोवा किल्ल्याकडे निघाली. जेम्सच्या लहान जहाजांनी त्यांना मधेच गाठून सगळ्यांना धरलं. मी त्या पूर्वेच्या दरवाजातून कितीदा आत गेले आहे. पायरीवर कोरलेलं कासव आहे, आत जाताना भिंतीत मारुती आहे, आम्ही नमस्कार करून कासवावर पाय न देता उडी मारून पुढे जायचो. त्या दुपारी हजार माणसं तिथून बाहेर पळाली असतील तेव्हा कासवावर पाय पडला की नाही हे कुणी बघितलं असेल? हा वेडगळ प्रश्न आहे, पण तोच येतो.

आता इथपर्यंत ही एका कर्तबगार अधिकाऱ्याची गोष्ट आहे, आणि मी ती बऱ्यापैकी शांतपणे वाचत होते. गोवा किल्ल्यानेही थोड्या वेळात शरणागतीचं निशाण दाखवलं. पण तो ताब्यात घ्यायला मराठे चालत येत होते तोवर तिथल्या किल्लेदाराच्या लक्षात आलं की पाण्यातला किल्ला अजून इंग्रजांनी घेतलेला नाही, नुसताच जळतोय. त्याने आपली भरवशाची माणसं निवडली, होडीत घातली आणि जेम्सच्या तोफांसमोरून तो बेटावर गेला. धुमसणाऱ्या, रिकाम्या किल्ल्यात. हिशोब साधा होता. रात्र होईतो तग धरायचा. अंधार पडला की दाभोळहून होड्या येतील, कुमक येईल. एकदा निशाण दाखवून मोकळा झालेला माणूस, आपल्याच लोकांच्या हाती सापडणार होता, वाईटात वाईट काय झालं असतं? तरी तो उलटा समुद्रात शिरला. जेम्सनेही तोच हिशोब ओळखला, कारण इतकी वर्षं हा किनारा त्यानेही अभ्यासला होता. रात्र होऊ द्यायची नाही. त्याने तोफा पुन्हा सुरू केल्या आणि त्या माऱ्याच्या आडून आपले निम्मे खलाशी बेटावर उतरवले. त्यांनी धावत जाऊन कुऱ्हाडींनी दिंडी दरवाजा फोडला. संपलं. सगळं एका दिवसात.

या दोघांपैकी मी कुणाच्या बाजूची? सोपा वाटणारा प्रश्न, पण मी त्यावर बरेच दिवस अडले. किल्लेदाराच्या, हे उघड आहे. पण किल्लेदार ज्याचं मीठ खात होता तो तुळाजी माझ्याच किनाऱ्यावरच्या गावांना काही मायबाप वाटत नसणार. आणि जेम्स ज्यांच्या वतीने लढत होता त्यांत पुण्याचा पेशवाही होता, ज्याच्या शनिवारवाड्याबाहेर मी भाजी घेते. शाळेत आम्हाला या प्रसंगाचं एक वाक्य होतं : पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने आंग्र्यांचं आरमार बुडवलं आणि पुढे पस्तावले. त्या वाक्यात जेम्स नव्हता, गवती छप्पर नव्हतं, होडीतून परत गेलेला किल्लेदार नव्हता. मामा या विषयावर फार कडक आहे. त्याच्या मते नानासाहेबांनी घरचं भांडण सोडवायला वाघाला आत घेतलं. मी म्हणते, मामा, त्यांना तो वाघ दिसत नव्हता रे, पन्नास वर्षांनी दिसणार होता. त्यावर तो म्हणतो, मग राजा कशाला झाले?

आणि यातली सगळ्यात विचित्र गोष्ट पाटीवर नाही. ज्या किल्ल्याच्या नावाने तिकडे मनोरा उभा आहे तो इंग्रजांनी ठेवलाच नाही. करारानुसार दहा दिवसांच्या आत जेम्सने आपलं निशाण उतरवून सुवर्णदुर्ग पेशव्यांच्या हवाली केला. कंपनीच्या पदरात पडलं ते बाणकोट, सावित्रीच्या मुखावरचं. जेम्सला पुढे दाभोळवर जायचं होतं, मराठे त्यासाठी पैसेही द्यायला तयार होते, पण मुंबईकरांना पावसाळ्याआधी जहाजं बंदरात हवी होती. परत ये म्हणाले. आला.

त्याच्या उरलेल्या आयुष्यात मला दोनच गोष्टींनी धरून ठेवलं. एक म्हणजे विजयदुर्ग. सुवर्णदुर्गानंतर सात-आठ महिन्यांनी अॅडमिरल वॉटसन राजाची मोठी जहाजं घेऊन आला. विजयदुर्गाची कीर्ती अशी की तो म्हणजे दुसरं जिब्राल्टर. वॉटसनने आधी जेम्सला पुढे पाठवलं. जेम्स गेला, खाडीच्या तोंडाशी पाणी मोजून आला आणि सांगितलं की लोक समजतात तसं काही नाही, मोठी जहाजंसुद्धा तटाला भिडू शकतात. बाकी सगळ्यांनी वीस वर्षं किल्ल्याची उंची बघितली होती. याने समुद्राची खोली बघितली. १३ फेब्रुवारी १७५६ ला किल्ला पडला, तुळाजीचं आरमार बंदरातच जळलं, आणि सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. मराठ्यांना त्यातलं काही द्यायचं नाही हे मुंबई सोडण्याआधीच ठरलेलं होतं. किल्ल्यात तुळाजीची आई, बायका, मुलं सापडली. वॉटसनच्या जहाजावरच्या शल्यवैद्याने लिहून ठेवलंय की त्या बायका रडू लागल्या, आम्हाला आता कुणी नाही म्हणाल्या. वॉटसनने मी तुमचा बाप होईन म्हणून धीर दिला, तेव्हा एका सहा वर्षांच्या मुलाने त्याचा हात धरला आणि म्हणाला, मग तू माझा बाप. वॉटसनच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं असेल. जळत्या आरमाराचा धूर अजून निवला नसेल आणि तो जाळणारा रडतोय. या माणसांचं हेच मला पेलत नाही. ते नुसते दुष्ट असते तर किती सोयीचं झालं असतं.

दुसरी गोष्ट १७५७ ची. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्याची बातमी जेम्सला मुंबईहून बंगालमध्ये वॉटसनला पोचवायची होती आणि ईशान्येचा वारा तोंडावर होता. त्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर जाता येत नाही हे सगळ्या खलाशांचं शास्त्र. जेम्स मुंबईहून सरळ दक्षिणेला गेला, विषुववृत्त ओलांडून दहा अंश खाली, तिथले पश्चिमेचे वारे धरून पार सुमात्राच्या टोकापर्यंत पूर्वेला, आणि मग ज्या ईशान्य वाऱ्याला सगळे भ्यायचे तोच वारा धरून वर हुगळीला. केवढा वळसा! पण वेळेत पोचला. मला त्याचा मत्सर वाटतो, हे लिहून टाकते. कान्होजींच्या वारसाने हे केलं असतं तर आपण त्याचे पोवाडे गायलो असतो.

पुढचं चरित्र लवकर संपतं. १७५९ मध्ये तो गडगंज होऊन मायदेशी गेला, एल्थमला इस्टेट घेतली, कंपनीचा डायरेक्टर झाला, पार्लमेंटात गेला, १७७८ मध्ये बॅरोनेट, १७७९ मध्ये कंपनीचा चेअरमन. खुर्च्यांची यादी. समुद्रावरचा माणूस खुर्चीत बसला की त्याच्याबद्दल वाचण्यासारखं फार उरत नाही. मला त्या घरातली जास्त आवडली ती त्याची बायको अॅन. तिच्या जेरार्ड स्ट्रीटच्या घरी लोकांची ऊठबस असे. लेखक लॉरेन्स स्टर्नची आणि मुंबईच्या एलायझा ड्रेपरची भेट तिथलीच. स्टर्नने मरणाच्या तीन दिवस आधी, मार्च १७६८ मध्ये, पत्र लिहिलं ते अॅनला : माझ्या मुलीला सांभाळा. मरताना माणूस कुणाला लिहितो त्यावरून त्या कुणाची किंमत कळते. १६ डिसेंबर १७८३ ला, मुलीच्या लग्नाच्या दिवशी, जेम्सला झटका आला आणि तो गेला. पुढच्याच वर्षी अॅनने रिचर्ड जप या वास्तुविशारदाकडून तो बुरूज बांधून घेतला. ६३ फूट उंच, टेकडीच्या माथ्यावर. तेव्हा भाच्याच्या फोटोतली ती इमारत साम्राज्याची निशाणी आहे हे खरंच, पण लग्नघरात विधवा झालेल्या बाईने काय करावं ते न सुचून केलेलं कामही आहे. दोन्ही एकाच विटांत. बांधल्यावर थोड्याच वर्षांत जनरल रॉयने लंडन आणि पॅरिस यांच्यातलं अंतर काढायला केलेल्या मोजणीत तो बुरूज वापरला. जेम्सला बहुधा हे स्मारक जास्त पसंत पडलं असतं.

आपल्याकडेही उत्तर दिलेलं आहे, फक्त पाटी लावून नव्हे. ज्या बॉम्बे कासलमधून कंपनीचा कारभार चाले, त्याच आवारात आज आपल्या नौदलाचा तळ आहे आणि त्याचं नाव आयएनएस आंग्रे. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा मामाने तीन अंगठे पाठवले, आणि पाठोपाठ "पण किल्लेदाराचं काय?" असं विचारलं. बरोबर बोलला.

मला मात्र या सगळ्या कारकिर्दीतला आवडणारा दिवस २ एप्रिल नाहीच. त्याच्या काही दिवस आधीचा आहे. जेम्स सुवर्णदुर्गाजवळ आला तेव्हा तुळाजीचं आरमार बंदरात होतं. इंग्रज दिसताच ते दोर कापून दक्षिणेला पळालं. वारा पडलेला, मार्चअखेरीचा, सकाळी पानही न हलणारा. गलबतांवरच्या लोकांनी जड सामान समुद्रात फेकलं, होती ती शिडं चढवली, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा अंगावरचे कपडे, गोधड्या, डोक्यावरची पागोटीसुद्धा सोडून काठ्यांना ताणून बांधली, की येईल ती झुळूक फुकट जाऊ नये. भंडारी, कोळी, मराठे, मुसलमान, सगळ्यांची पागोटी. प्रोटेक्टर हे भारी वेगाचं जहाज, ते शेवटच्या गलबतापर्यंत तोफेच्या टप्प्यात पोचलंही. पण जेम्सचे बाकीचे सोबती आणि मराठ्यांची गलबतं मैलोगणती मागे राहिली होती. जयगडच्या पुढे त्याने नाद सोडला आणि जहाज वळवलं. मामाचं म्हणणं, त्या दिवशी ते पळाले नसते, उलटून लढले असते, तर सुवर्णदुर्ग वाचला असता. मला तसं वाटत नाही. ते पळाले हेच शहाणपणाचं झालं. पागोटं पुन्हा बांधता येतं.